बंदरावरचा गुरुवार

“डावीकडून काही येतंय?”

“नाही. अहो थांबा, ट्रक येतोय, ट्रक!”

“थांबता येत नाही, शालन! किती लांब आहे ते सांग!”

“लांब आहे... जा, जा, जा!”

आणि आमची ती उघडी, हिरवी, दोन सीटची गाडी स्वीडनमधल्या त्या गोल चौकात न थांबता घुसली. मागून ट्रकवाल्याने असा काही भोंगा वाजवला की माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी आवळून धरली आणि चौक पार होईपर्यंत डोळे मिटून घेतले.

“डोळे मिटू नकोस,” हे म्हणाले. “तूच माझी डावी बाजू आहेस.”

गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, एकोणीसशे अडुसष्टची. स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडची वाहतूक सगळी उलटी. त्यामुळे ह्यांना डावीकडचं धड दिसायचं नाही. एरवी थांबून, वाकून बघता यायचं. पण त्या दिवशी सकाळीच क्लच गेला होता. पेडल दाबलं ते खालीच राहिलं, वर येईना. हे गाडीखाली झोपले आणि तेलाने माखलेला हात घेऊन बाहेर आले. आतलं रबर फाटलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचं रबर इंग्लंडहून मागवावं लागेल, आठ दिवस तरी धरा.

आमच्याकडे दोन दिवस होते.

“क्लचशिवाय नेतो,” हे म्हणाले. पंचवीस वर्षं श्टुटगार्टच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून घासलेला माणूस. कराडहून निघाले तेव्हा ह्यांच्या पेटीत दोन शर्ट आणि मायक्रोमीटर होता. यंत्र म्हटलं की मागे हटायचं नाही. गाडी गियरमध्येच टाकायची आणि किल्ली फिरवायची, की ती उड्या मारत सुटायची. पुढचे गियर इंजिनाचा आवाज ऐकून टाकायचे. फक्त थांबायचं नाही. थांबलो की बंद, आणि पुन्हा तेच धक्के. स्टार्टर असे किती धक्के सोसणार, ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

तो मंगळवार होता, अठरा जुलै, सन दोन हजार. गुरुवारी, वीस तारखेला, आम्हाला नॉर्वेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका बंदरावर पोचायचं होतं आणि अजून तेराशे किलोमीटर बाकी होते. त्या बंदराचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तिथे आमची केतकी बसलेली असणार होती. आमची एकुलती एक. दोन वर्षं झाली, आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता.

जूनच्या शेवटी तिचं कार्ड आलं होतं. पुढे बंदराचं चित्र, मागे तिचं ते गिचमिड मराठी. “आई, बाबा, मी इथे मासळीच्या कारखान्यात काम करते. माझ्या वाढदिवसाला मी दिवसभर बंदरावर बसेन. यायचं असेल तर या. त्यानंतर मी फार लांब जाणार आहे आणि पुन्हा लिहिणार नाही.” पत्ता नाही, फोन नाही.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता विमानाने जाऊ, कारखाना शोधू. हे नको म्हणाले. “तिने दिवस दिलाय. आधीच जाऊन धरली तर ती परत पळेल.” आणि विमान नको, गाडीच. ही गाडी त्या दोघांनी मिळून उभी केली होती. केतकी बारा वर्षांची असताना ह्यांनी ती भंगारात घेतली, आणि चार वर्षं दर शनिवारी बापलेक तिच्याखाली. ती गाडी चालवायला शिकली तीही ह्याच गाडीवर. “माझं तोंड बघून ती उठून जाईल. गाडी बघितली तर निदान बसेल तरी,” असं हे म्हणायचे.

“आणि येते म्हणाली तर? गाडीला दोनच सीट.”

“मग तुम्ही दोघी गाडीतून या. मी येतो रेल्वेने.”

असा सगळा विचार करून ठेवला होता ह्यांनी.

मंगळवारी आम्ही रात्री अकरापर्यंत चाललो, उजेड होता म्हणून. बुधवारीही पहाटेपासून तेच. सिग्नल लांबून दिसला की हे वेग कमी करत करत, तो हिरवा होईपर्यंत गाडी नुसती रांगवायचे. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं की गाडी बंद, मागे रांग, आणि मी उतरून लोकांना हात जोडतेय. डोक्याला मफलर, पायांत मोजे, अंगावर ह्यांचा स्वेटर. लोक आधी चिडायचे, मग मला बघून हसायचे. हसा बाबांनो, म्हटलं, पण जाऊ द्या.

एका गावात बेकरी दिसली आणि ह्यांनी उतार बघून गाडी लावली.

“काय हवंय? डबा आहे की माझ्याकडे.”

“थांब,” म्हणाले, आणि दहा मिनिटांनी पुठ्ठ्याचा भला मोठा खोका घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवला. मी झाकण उघडून पाहिलं. केक होता. वर गुलाबी क्रीमने लिहिलेलं, केतकी. स्पेलिंगही बरोबर.

माझ्या डोळ्यांना धार लागली. तुम्हाला वाटेल, एका केकचं काय एवढं. पण सगळं बिनसलं होतं ते केकवरूनच.

ह्यांच्या घरात वाढदिवस तिथीने. केतकीचा जन्म अठ्ठ्याहत्तर सालच्या वीस जुलैचा, पहाटेचा, आणि तिथी गुरुपौर्णिमा. पौर्णिमेला पाट मांडायचा, औक्षण करायचं, गोडाचं जेवण. वीस जुलैला काही नाही, तो आपला रोजच्यासारखा दिवस. ती शाळेत जायला लागली आणि तिचे हाल सुरू झाले. “तुझा वाढदिवस कधी असतो?” ह्या प्रश्नाला तिच्याकडे दरवर्षी वेगळं उत्तर. पोरं हसायची. ती रडत यायची, बाबांशी भांडायची. हे एकच सांगायचे, “बाहेर काय हवं ते सांग. आपल्या घरात पौर्णिमा.”

विसावं वर्ष लागलं... नाही, विसावं पुरं झालं तेव्हाची गोष्ट. त्या साली पौर्णिमा नऊ जुलैला येऊन गेली होती. पोरीने वीस तारखेला आम्हाला न सांगता मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं. नऊ जण आले, केक घेऊन, फुगे घेऊन. दार ह्यांनी उघडलं. आणि दारातच, जर्मनमध्ये, अगदी शांतपणे म्हणाले, “इथे आज कुणाचाही वाढदिवस नाही. तो होऊन गेला.” पोरं गेली बिचारी केक घेऊन परत. केतकी जिन्यात उभी होती. तिने तो शब्द न शब्द ऐकला. आठ दिवसांनी तिने घर सोडलं.

तेव्हा मी काय केलं? काही नाही. स्वयंपाकघरात उभी राहिले. ते मला आजही खातं.

म्हणून ह्या खेपेला मी हट्टाला पेटले होते. बुधवारी दुपारी एका चढावर गाडी तापली. वाफ निवायची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो, तेव्हा हे हळूच म्हणाले, “सोळालाच पोचायचं असं निघालो असतो, तर आज ही घाई नसती.”

सोळाला पौर्णिमा होती. माझं डोकंच फिरलं.

“अजून तुमची पौर्णिमा सुटत नाही ना? पोर घर सोडून दोन वर्षं झाली, तरी सुटत नाही?”

“तसं नाही गं. आधी जाऊन राहिलो असतो, वीसलाही तिथेच असतो.”

“आणि पौर्णिमेलाच तिने आपल्याला तिथे बघितलं असतं म्हणजे? एवढंसं ते गाव! बाबा आले, पुन्हा आपलीच तिथी धरून आले, असंच म्हणाली असती ना? तोंड फिरवून निघून गेली असती. एकदा, आयुष्यात एकदा तिच्या दिवशी जाऊ. वीस म्हणजे वीस!”

ह्यांनी बाटलीतलं पाणी गाडीत ओतलं. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” असं ह्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं असेल.

गुरुवारी सकाळी डोंगरावर थंडी मी म्हणत होती. छप्पर गळकं, त्यातून थेंब केकच्या खोक्यावर पडायचे आणि मी वरून शाल धरून बसलेली. नॉर्वेची हद्द लागली तेव्हा स्टार्टर दोनदा नुसता कुरकुरला. तिसऱ्यांदा लागला. त्यानंतर हे कुठेच थांबले नाहीत, लघवीलाही नाही. घाटात एका वळणावर मेंढ्या आडव्या आल्या तेव्हा मी अक्षरशः उभी राहून किंचाळले आणि ह्यांनी गाडी गवतात घालून परत रस्त्यावर काढली.

“पोचू ना हो?” मी दर अर्ध्या तासाने विचारत होते.

“पोचू,” हे तेवढ्याच वेळा म्हणाले.

तीन वाजता पोचलो. शेवटच्या उतारावर ह्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी आवाज न करता बंदरावर जाऊन उभी राहिली. एक धक्का, दोन बाक, वाफल्स विकणारी एक टपरी, आणि समोर समुद्र. बाकांवर कुणी नव्हतं.

“कुठे गेली असेल, येईल. जेवायला गेली असेल,” मी म्हटलं.

ह्यांनी गाडीचं छप्पर मागे दुमडलं, लांबून दिसावी म्हणून. रुमालाने बॉनेट पुसलं, वर केकचा खोका ठेवला. मग केस नीट केले. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

चार वाजले, पाच वाजले. समोरच्या बेटांवरून फेरीबोट यायची, तोंड उघडायची, गाड्या आणि माणसं बाहेर पडायची. मी अगदी तिच्या तोंडाशी जाऊन उभी. प्रत्येक काळ्या केसांची मुलगी दिसली की माझा जीव वरखाली. एकीला तर मी हाक मारली. ती वळली, तर परकीच. थंडीने बोटं बधिर झाली होती, पण जागा सोडवेना. मी इकडे टपरीकडे गेले आणि ती तिकडून उतरली तर?

सहाच्या सुमाराला हे टपरीकडे गेलेले मी लांबून पाहिले. जाडशी, पांढऱ्या केसांची बाई होती. आधी तिने खिडकीतूनच काही सांगितलं. मग ती हात पुसत बाहेर आली. गाडीकडे बोट केलं, बाकाकडे बोट केलं. एका हाताची चार बोटं वर केली. आणि मग ह्यांच्या दंडावर हात ठेवून उभी राहिली. हे त्या बाकावर जाऊन बसले, बराच वेळ. मला राग आला. मी इथे उभी, आणि हे बसलेत!

आले तेव्हा चेहरा पांढराफटक.

“काय म्हणाली ती?”

“काही नाही. इकडे आपल्यापैकी कुणी फिरकतच नाही म्हणाली.”

“मग चार बोटं कसली दाखवत होती?”

“अजून चार फेऱ्या आहेत म्हणाली. आठला शेवटची.”

“मग येईल. चार आहेत ना अजून, येईल.”

“हो,” हे म्हणाले. “तू बस जरा. मी उभा राहतो.”

“मी नाही बसणार.”

मी उभी राहिले. हेही माझ्या शेजारी उभे राहिले, शेवटपर्यंत. आठची फेरी आली. तिच्यातून दोन ट्रक, एक सायकलवाला आणि एक म्हातारं जोडपं उतरलं. माणसांनी दोर बांधले, साखळी लावली. संपलं.

आणि मग मी काय केलं, तर ह्यांच्यावर तुटून पडले. भर बंदरावर. छातीवर बुक्क्या मारल्या. “तुमच्यामुळे गेली! तुमच्या त्या तिथीमुळे गेली माझी पोर! दारातून घालवलीत ना पोरांना? घ्या आता! नाही आली ती! तुमचं तोंड बघायचं नाही तिला!” टपरीवाली बाई खिडकीतून बघत होती. ह्यांनी माझे हात धरले नाहीत की चुकवले नाहीत.

“हो गं,” म्हणाले. “माझ्यामुळेच.”

केक ह्यांनी त्या बाईला देऊन टाकला. परत कसे आलो ते मला फारसं आठवत नाही. वाटेत हे गाडीबद्दलसुद्धा एक शब्द बोलले नाहीत, एवढंच आठवतं.

चार वर्षांनी, मे महिन्यात, फोन वाजला. “आई?” एवढंच. मी खालीच बसले. न्यूझीलंडहून बोलत होती. पुढच्या महिन्यात ती आली, आठ दिवसांसाठी. पंचवीस वर्षांची झाली होती, हाताला मेहनतीने घट्टे पडलेले. माझ्या गळ्यात पडून रडली. ह्यांना म्हणाली, “नमस्कार,” आणि बाजूने निघून गेली.

चार दिवस तसेच. माझ्याशी भरभरून बोलायची, ह्यांनी काही विचारलं तर हो किंवा नाही. मी मनात म्हणायचे, दारातला तो अपमान पोर अजून विसरलेली नाही. हे मुकाट खायचे आणि खाली गाडीपाशी जाऊन बसायचे.

पाचव्या दिवशी दुपारी जेवताना तिला राहवलं नाही. भाकरी मोडता मोडता थांबली.

“बाबा, एकच विचारायचंय. तुम्ही का नाही आलात?”

मी चमकले. “अगं, आलो होतो की...”

“तू थांब, आई. मी ह्यांना विचारतेय. मी मुद्दाम पौर्णिमेला बसले होते. तुमच्या दिवशी. मला वाटलं, इतकी वर्षं भांडले, एकदा ह्यांचा दिवस मानून बघू. मला खात्री होती, बाबा जगबुडी आली तरी तिथी चुकवणार नाहीत. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बसले मी त्या बाकावर. टपरीवाल्या बाईला सांगून ठेवलं होतं, हिरवी गाडी येईल, लहानशी, उघडी. सतरा वेळा तिने मला कॉफी आणून दिली. दुसऱ्या दिवशी मी निघाले. तुम्हाला तुमची पौर्णिमासुद्धा माझ्यासाठी जड झाली?”

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. ती चार बोटं. चार दिवसांपूर्वी. बाक.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटात बघत होते.

“रजा मिळाली नाही गं,” हे म्हणाले. “चार दिवस उशीर झाला. चूक झाली माझी, पोरी.”

रजा! तीन आठवड्यांची रजा होती ह्यांची, दहा जुलैपासून.

“रजा,” केतकी म्हणाली. नुसती हसली.

“खोटं बोलतायत ते,” मी म्हटलं.

“शालन, आमटी वाढ,” हे घाईने म्हणाले.

“नाही वाढत! केतकी, ह्यांना पौर्णिमेलाच यायचं होतं. अकरा तारखेला बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तीन दिवस सगळं घर पालथं घातलं ह्यांनी. मग मी म्हटलं, वीसला जाणार असाल तर देते. मला वाटलं, तुझा दिवस... तुला वीसच हवा असायचा ना गं? लहानपणापासून वीसच हवा असायचा.”

मग केतकीने ह्यांना विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“तिथेच. टपरीवाल्या बाईने सांगितलं.”

“मग आईला का नाही सांगितलंत?”

“पाच तास उभी होती ती थंडीत,” हे म्हणाले. “तिला काय सांगणार होतो?”

“आणि मला? आत्ता तरी?”

केतकी उठली. मला वाटलं, निघाली. ती टेबलाला वळसा घालून ह्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. “चार वर्षं, बाबा,” एवढंच म्हणत होती. हे तिच्या केसांवरून हात फिरवत होते. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. उरलेले तीन दिवस दोघं खाली गाडीपाशीच होती. मी वरून चहा पाठवत होते.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. केतकी दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. फोन मी उचलला तर विचारते, “कशी आहेस?” मी म्हणते, “बरी आहे.” मग ती म्हणते, “बाबांना दे.”

मी देते.